बिनचाबकाचा चाबुकस्वार

मी नेरला मास्तरीण म्हणून आले, तेव्हा शाळेसमोरच्या मैदानात एक म्हातारा चाबुकस्वार रोज सकाळी एका काळ्या घोडीला शिकवायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. याच घोडीनं पाडून त्याचा पाय अधू केला होता, हे कळल्यापासून माझं शिकवण्यात लक्ष लागेना.

त्याच्या हातात चाबूक कधीच नसे. तो खोगिरावर नुसता हात ठेवी. घोडीनं कान मागे पाडले की हात काढून घेई आणि चक्क तिच्याकडे पाठ करून उभा राही. ती आपण होऊन जवळ आली की पुन्हा हात. आता लाथ बसते की काय, या धास्तीनं मी खिडकीचे गज घट्ट धरलेले असत.

एकदा न राहवून विचारलं, "चाचा, भीती नाही वाटत?"

"वाटते ना बाई. भेव तिले बी हाय, मले बी हाय. चाबूक मारला तं दोघायचंबी वाढते."

दिवाळीनंतर एका सकाळी तो रिकिबीत पाय घालून वर बसला. घोडीनं शांतपणे मैदानाला फेरी घातली. उतरताना मात्र त्याचा अधू पाय रिकिबीत अडकला आणि तो पाठीवर पडला. मी किंचाळत धावले. घोडीचे कान मागे गेले, अंग थरथरलं. पण ती जागची हलली नाही.

तिच्या टापांशी पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "हळू, बाई. भेऊन राह्यली ते."