सासरेबुवांचं दिलगिरीचं पत्र

घरी बसलेल्या तरुण पोरांवर माझ्या सासऱ्यांइतका जीव टाकणारा माणूस उभ्या लालबागमध्ये सापडायचा नाही. मी त्याचा चालताबोलता पुरावा आहे. बी.कॉम. होऊन चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून मी तीन वर्षं काढली, तेव्हा समोरच्या खोलीतून ते रोज सकाळी 'पाहिजेत'च्या जाहिराती कापून आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवत. वडिलांना वाटे पोरगा वाया गेला, आईला वाटे नजर लागली, आणि यांना वाटे, आपल्याला मोठं घबाड मिळालं. अर्ज ते सांगत, मी लिही. मुलाखतीची तालीम त्यांच्याच खोलीत. तांदूळ निवडता निवडता सासूबाई साहेब होत आणि "तुम्हालाच का घ्यावं?" असं इतक्या गंभीरपणे विचारत, की मला खरोखरच कारण सुचत नसे. सुचणार कसं? माझं सगळं लक्ष चहा घेऊन येणाऱ्या मुलीकडे. नोकरी पुढे लागली. सासरे तिथेच लागले.

पण त्यांची खरी तऱ्हा नकार आल्यावर दिसे. तेव्हा कंपन्या 'आम्ही दिलगीर आहोत' असं टाइप केलेलं पत्र पाठवत. ते आलं की आमच्या घरात सुतक. हे मात्र इस्त्रीचा शर्ट चढवून मला नाक्यावर मिसळ खायला नेत. "नाही म्हणाले, म्हणजे वाचलं की रे कोणीतरी," असं म्हणून माझ्या बशीत जास्तीचा रस्सा ओतायला लावत. माझं पित्त त्या काळातलं आहे. या मिसळीमागचं कारण त्यांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं. ते गिरणीत कारकून होते. संप झाला, मग गिरणी उघडलीच नाही. "आम्हाला कोणी काढलं पण नाही रे. दोन वर्षं डबा घेऊन फाटकापर्यंत जायचो. एका ओळीचं पत्र टाकलं असतं, तर घरी बसलो असतो." पुढे एका दवाखान्यात केसपेपर लिहून त्यांनी संसार केला.

आता चाळीचा टॉवर झालाय. आम्ही नवव्या मजल्यावर, ते चौदाव्या. दारं बंद, फटी नाहीत. म्हणून ते सकाळी अकराला लिफ्टमधून उगाच वरखाली करतात. त्या वेळेला घरच्या चपलांत भेटणारा तरुण तो आपला, हा त्यांचा हिशोब. अशाच एका सकाळी त्यांना त्यांचा स्वतःचा नातू सापडला.

माझा मुलगा इंजिनीअर. वर्षभर त्याने मोबाइलवरून अर्ज केले आणि मग अर्ज करणंच सोडलं. खोलीचं दार लावून असायचा. मी बाहेरून विचारायचो, जेवलास का. त्यापलीकडचं विचारायची हिंमत, तीन वर्षं कठडा झिजवलेल्या बापाला कुठून असणार?

सासऱ्यांनी मात्र त्याला थेट विचारलं, "काय झिला, नाही कोण कोण म्हणालं?"

"कोणीच नाही म्हणत नाही, आजोबा. सेंड होतं, आणि संपतं."

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी गुपचूप माझ्याकडून त्याच्या अर्जाची छापील प्रत घेऊन गेले.

चार दिवसांनी पोस्टाने पाकीट आलं. आत रेघांच्या कागदावर, शाईच्या पेनाने, केसपेपरवरच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'महोदय, आपला अर्ज मिळाला. दोनदा वाचला. आपण कॉलेजात बनवलेलं पाणी मोजण्याचं यंत्र फार आवडलं, पण ते शेवटच्या पानावर का लपवलंत? पत्त्याचा पिनकोड चुकला आहे. सध्या आमच्याकडे जागा नाही, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.' खाली सही नव्हती.

मुलगा पत्र घेऊन खोलीत गेला. दार लावायचं विसरला. खूप वेळाने लॅपटॉपवर टकटक ऐकू आली. आमच्या हिने पोळ्या लाटणं थांबवलं, आणि आम्ही दोघं चोरासारखे ऐकत उभे राहिलो.

नोकरी अजून नाही. अर्ज जातात, उत्तर येत नाही. पण पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो केस विंचरून बाहेर आला. हातात दुरुस्त केलेला अर्ज, पाकिटावर चौदाव्या मजल्याचा पत्ता. "बाबा, पोस्टाचं तिकीट कुठे मिळतं?" मी सांगू शकलो असतो, उजवीकडे वळ आणि सरळ जा म्हणून. सांगितलं नाही. चप्पल पायात सरकवली आणि म्हटलं, चल, दाखवतो. मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेलं त्याला.