खाजणावरची स्नूकरची खोली

कोलशेतच्या पंढरी केणीचा एक स्वभाव साऱ्या गावाला ठाऊक होता. घरात काही बिनसलं की तो बांधकाम काढायचा. भावाशी वाजलं तेव्हा त्यानं दोघांच्या अंगणात भिंत घातली, आणि वर्षभरानं भाऊ बोलायला लागला तेव्हा त्याच भिंतीत दार पाडलं. बायकोचे, म्हणजे बायजाचे, गुडघे धरले तर डॉक्टरकडे नेण्याआधी तळमजल्यावर न्हाणीघर बांधून मोकळा झाला. सुनेला दिवस गेल्याची नुसती कुणकुण लागली आणि घरावर तिसरा मजला चढला. कुणकुण खोटी निघाली, मजला राहिला. तिथं आता भावकीतल्या हळदीच्या मांडवांच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात.

माणूस मूळचा मिठागरातला. बापाबरोबर मीठ ओढून पायाच्या भेगा पांढऱ्या झालेल्या. मग खाडीकाठी टॉवर यायला लागले, जमीन गेली, घर आलं आणि पंढरीचा पंढरीशेठ झाला. शाळा चौथीपर्यंतच, पण एका विषयात भले भले इंजिनिअर त्याच्या ओट्यावर येऊन चहा प्यायचे. खाडीकडची जमीन म्हणजे खाजण, भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. त्यावर डबर-माती टाकून भराव करतात आणि मग घरं बांधतात. पंढरी प्रत्येकाला एकच सांगायचा, "भराव टाकलास ना? आता दोन पावसाले त्याला हात लावू नको. त्याला त्याचा बसू दे." एका साहेबानं ऐकलं नाही. त्याच्या कंपाउंडची भिंत पहिल्याच श्रावणात रुसलेल्या नवरीसारखी तोंड फिरवून बसली. पंढरी ती भिंत पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचा.

एकुलता एक मुलगा विकी. त्याला स्नूकरचं वेड. कॉलेजात असताना लागलं आणि लग्न झालं तरी सुटलं नाही. पुतण्याच्या हळदीला मांडव माणसांनी भरलेला, बेंजो वाजतोय, आणि हा घरचा पोरगा रात्री उशिरा उगवला, कल्याणहून, काखेत स्पर्धेत जिंकलेला कप. पंढरीला चढलेली होती थोडी. त्यानं माईक हातात घेऊन सांगितलं, "लोकांची पोरा काय काय करतान, आमचा काठीनं गोट्या ढकलतंय." मांडव हसला. विकीपण हसला. पण तिसऱ्या दिवशी तो आणि निशा, त्याची बायको, सामान घेऊन डोंबिवलीला गेले. तिथल्या एका स्नूकर क्लबात त्यानं नोकरी धरली.

त्यानंतर फोन यायचा तो बायजाला. तो आला की पंढरी समोर पेपर धरून बसायचा आणि पान उलटायचं विसरायचा. घरात बोलणं हं आणि हूं एवढ्यावर आलं. आल्या-गेल्याला तो ती वाकडी भिंतसुद्धा दाखवेना.

एका सकाळी मात्र भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "बायजा, आपण विकीला घरातच टेबल देऊ."

"कसला टेबल?"

"स्नूकरचा. मागं खोली काढू, मोठी. ए.सी. लावू. घरी खेलाला मिलाला तर तो डोंबिवलीला कशाला राहील?"

बायजाच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जास्तच राहिली. मग ती म्हणाली, "एवढा कशाला? फोन करून ये बोला ना त्याला. तेवढाच."

"फोनवर काय बोलू?" पंढरीनं विचारलं, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं.

खोली केवढी लागते ते बघायला तो वर्तकनगरच्या एका स्नूकर पार्लरात गेला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात चेन, खिशाला पेन आणि हातात छत्री. आत शिरल्या शिरल्या तो छत्रीनं टेबल मापायला लागला. चार पोरं सिगारेटी टाकून मागच्या दारानं पसार झाली. मालक हात जोडत आला. "साहेब, कागद सगळे आहेत आपल्याकडे."

"मी साहेब नाय. मी बाप हाय."

"कोणाचा?" मालक आणखीच घाबरला.

तो गैरसमज निस्तरेपर्यंत दोन चहा झाले. मालकानं मग नीट समजावलं, की खोली टेबलाएवढी नसते, चारी बाजूंनी काठी मागं ओढायला जागा लागते. पंढरीनं ती जागा छत्रीनं मापली आणि घरी येऊन वर आणखी एक छत्री धरली, विकी उंच आहे म्हणून.

एवढी जागा घरामागंच होती, पण तिथं जुना खोलगट भाग होता, भरतीला पाणी साचायचं. भराव वैशाखात पडला. ज्येष्ठात जोतं उठलं, आषाढात स्लॅब. गवंडी पंधरा वर्षं त्याच्याच हाताखालचा. तो दबकत म्हणाला, "शेठ, तुमीच सांगता ना, दोन पावसाले..."

"लोकांना सांगाचा येगला. तू काम कर."

दसऱ्याला पोराला बोलवायचं होतं. भरावाला बसायला वेळ द्यावा, तर आणखी दोन वर्षं पोराची वाट बघायची. पंढरी रोज संध्याकाळी नव्या जोत्यावर उभा राहायचा, टाचेनं जमीन दाबून बघायचा आणि स्वतःलाच सांगायचा, घट्ट आहे. आयुष्यात पहिल्यांदा तो जमिनीशी खोटं बोलत होता.

मग सजावट. तिची हौस काय वर्णावी. भिंतींना मोरपंखी रंग, खाली सोनेरी नक्षीची लादी, कोपऱ्यात एकवीरा आईची तसबीर आणि तिच्यावर लाल झीरोचा दिवा. बसायला उंच खुर्च्या लागतात असं मालकानं सांगितलं होतं, पण पंढरीनं सोफा आणला, कारण भावकीतले लोक खेळ बघायला येतील आणि म्हातारी माणसं उंच खुर्चीवर चढणार कशी. बायजानं पंख्याचा आग्रह धरला, ए.सी.नं सांधे धरतात म्हणून. पंखा बरोबर टेबलाच्या मधोमध आला. टेबलावर लोंबणारे दिवे त्याच्या वाऱ्यानं डुलायला लागले आणि सारी खोली होडीत असल्यासारखी हलायला लागली. पंखा काढला. त्याचा हुक तसाच राहिला.

टेबल कोपरीच्या एका बंद पडलेल्या क्लबातलं, जुनं पण अव्वल. आतला पाट दगडी, पाच तुकड्यांत, एकेक उचलायला चार माणसं. जोडायला कल्याणचा देवराम आला, भारी बोलघेवडा कारागीर. त्यानं तुकडे मांडले, सांधे मेणानं भरले, हिरवं कापड ताणून बसवलं आणि बुडबुड्याची लेव्हल चारी कोपऱ्यांत फिरवली.

"पाण्यासारखं सपाट, शेठ. लादीखालचा भराव जुना आहे ना पण?"

"माझ्या आज्याची जमीन हाय," पंढरी म्हणाला. ते खरं होतं आणि उत्तर नव्हतं.

देवराम हात धुवायला गेला तेवढ्यात बायजा ताट घेऊन आली. नवी वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू, मग ती गाडी असो, पाण्याची टाकी असो. तिनं पाच बोटं हळदीची टेबलाच्या कापडावर उमटवली आणि दगडावर फोडतात तसा नारळ टेबलाच्या कडेवर फोडला. देवराम परतला तेव्हा नारळाचं पाणी हिरव्या कापडात जिरत होतं. तो खाली उकिडवा बसला. "वहिनी, ह्याच्यावर घामाचा थेंब पडू देत नाहीत हो."

"मग खेलतान कसे?" बायजानं विचारलं.

पंढरी खूप दिवसांनी पोट धरून हसला. त्या महिन्यात तो सारखा बोलत होता. ताटातल्या मांदेली माशावर बोलला, भावाच्या सुनेवर बोलला, वाकड्या भिंतीची गोष्ट देवरामला दोनदा सांगितली. बायजा त्याच्याकडं बघत बसायची आणि काही सांगायला तोंड उघडून पुन्हा मिटायची.

दसऱ्याला दुपारी विकी आणि निशा आले. बायजानं फोन केला होता. विकी वाळला होता, कानाशी एक-दोन केस पांढरे. आईच्या पाया पडला, बापाच्या पाया पडला, पाहुणा पडतो तसा. पंढरीनं त्याला हाताला धरून मागं नेलं आणि खटका दाबला. दिवे लागले.

विकी बराच वेळ दारातच उभा राहिला. मग टेबलाभोवती फिरला, कापडावरून तळवा फिरवला, हळदीच्या बोटांशी थांबला. "आईनं केलं ना हे?"

"तिनाच. घे, काठी घे."

दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं तशी विकीनं काठी घेतली. पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि वाकला. तो मारणार एवढ्यात बॉल हलला. जरा विचार केल्यासारखा थांबला आणि मग आपला आपणच, कुणाची घाई नसल्यासारखा, खाडीकडच्या कोपऱ्यातल्या खिशात जाऊन पडला.

दोघं त्या खिशाकडं बघत राहिले.

"भराव बसतोय अजून," पंढरी म्हणाला.

"तुम्हीच ना लोकांना सांगायचात, दोन पावसाळे थांबा?"

"दोन पावसाले झालेच की. तू गेल्याला."

विकीला हसू आलं, मग ते गेलं. पंढरीला वाटलं, हीच वेळ. "देवरामला बोलावून पाय उचलून घेऊ. मग रोज खेल तू. निशाला वरचा मजला मोकला करून देतो."

"बाबा, मी खेळणं सोडलंय."

"कवा?"

"झालं वर्ष. क्लब बंद झाला ना. आता भिवंडीला गोडाऊनला आहे, सुपरवायझर. काठी पण देऊन टाकली एकाला." बाप दुखावू नये अशा बेतानं तो हळूहळू बोलत होता. "रूम मस्त झालीय पण. खरंच."

पंढरीनं काठीच्या टोकाला लावायच्या खडूचा निळा ठोकळा उचलला, खाली ठेवला. "भिवंडी इकडना जवल पडेल तुला."

"कल्याणला फ्लॅट बुक केलाय आम्ही. अकराव्या मजल्यावर."

"पक्की जमीन हाय का भराव?"

"माहीत नाही, बाबा. आवडला, घेतला."

अकराव्या मजल्याला पंढरी काय जोडून देणार. जेवताना विकीनं वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं, निशा सासूला भांडी घासू लागली, आणि उन्हं कलायच्या आत दोघं बाईकवर बसले. "राहा ना आजचा दिवस," बायजा म्हणाली. पंढरी मागं उभा होता. त्याला ते म्हणता आलं नाही. विकी म्हणाला, "सकाळची शिफ्ट आहे, आई."

बाईक वळणाआड गेल्यावर पंढरीनं विचारलं, "तुला ठाऊक होता? खेल सोडल्याचा?"

"हाव."

"मग बोलली का नाय? एवढा बांधला मी."

बायजा पायरीवर बसली, गुडघा चोळत. "तुमी घरात बोलाला लागलेले," ती म्हणाली. "मना वाटला, बांधून होईतो तरी बोलाल."

पुढच्या आठवड्यात पंढरीचा फोन वाजला. त्याचा स्वतःचा. विकी होता. "बाबा, टेबल पडून खराब होईल. मी जाहिरात टाकलीय, तुमचा नंबर दिलाय. गिऱ्हाईक येईल, दाखवा फक्त."

पहिलं गिऱ्हाईक उल्हासनगरचं. पंढरीनं त्यांना चहा दिला, हळदीचे डाग बोटानं दाखवले आणि बॉल मधोमध ठेवून दिला. बॉल निघाला. मंडळीही निघाली. संध्याकाळी विकीचा फोन. "काय झालं?"

"नाय जमला. डाग हाय बोलला."

"बरं. दुसरा येईल. जेवलात?"

"जेवलो. तू?"

एवढंच. पण फोन ठेवून पंढरी कितीतरी वेळ ओट्यावर तसाच बसला, आणि बायजाला म्हणाला, "मना फोन केलेला त्यानं." मग बदलापूरचा एक आला. त्यालाही त्यानं बॉल दाखवला, आणि दोष लादीचा आहे, टेबलाचा नाही, हे मात्र सांगितलं नाही. पुन्हा विकीचा फोन, पुन्हा जेवलात का. अंबरनाथच्या दोघा भावांना त्यानं वाकडी भिंतसुद्धा दाखवून आणली आणि वरून सांगितलं, आमच्या घरात वस्तू लाभत नाही. ते पायऱ्या उतरताना एकमेकांकडं बघत होते. त्या संध्याकाळी विकीनं नव्या फ्लॅटचे दरवाजे कुठल्या लाकडाचे घ्यावेत ते विचारलं. पंढरीनं सागवानावर पाऊण तास सांगितलं.

मग कल्याणचा एक क्लबवाला आला. त्यानं बॉल घरंगळताना बघितला, खाली वाकून लादी बघितली आणि म्हणाला, "काका, टेबल चांगलं आहे. जमीन बसलीय. मी उद्या माणसं पाठवतो."

"नको," पंढरी म्हणाला.

"डाग चालतील मला. कापड बदलणारच आहे."

"विकाचा नाय मना."

संध्याकाळी फोन आला. पंढरीनं पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, तो कल्याणवाला ओळखीचा आहे माझ्या. तुम्हीच नको बोललात म्हणे."

मागच्या खोलीत ए.सी. चालू राहिला होता, त्याची घरघर ऐकू येत होती.

"आधीच्यांना पण तुम्हीच पळवलंत ना?"

"विकी..." तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सापडेना.

विकी वाट बघत असावा. मग म्हणाला, "राहू दे मग. ठेवा तुम्ही. मी जाहिरात काढून टाकतो, तुम्हाला त्रास नको."

त्यानं जाहिरात काढून टाकली. आता त्याचा फोन येतो तो बायजालाच. ती ओट्यावर जाऊन हळू आवाजात बोलते आणि आत आल्यावर पंढरीला सांगते, बरा हाय.