सशाची अँटिबॉडी आणि रिकाम्या पेशी

मे महिन्यातला शनिवार होता. कुरियरच्या साइटवर आमच्या पार्सलपुढे ‘कॉलेज बंद, परत गोदामात’ असं दिसलं आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उठले. त्या खोक्यात अँटिबॉडीची कुपी होती, जेमतेम दोन-चार थेंब. ती थंड राहायला हवी होती आणि इंदूरला त्या दिवसांत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

आमचं कॉलेज शहराबाहेर, बेटम्याच्या रस्त्यावर. तिथल्या लॅबमध्ये मी करोनाच्या एका प्रोटीनवर काम करते. खरा विषाणू आमच्याकडे नसतो. त्याचा एकच जीन आम्ही पेशींमध्ये घालतो आणि त्यापासून बनलेलं प्रोटीन पेशीत किती दिवस टिकतं ते बघतो. ते दाखवते अँटिबॉडी. ही आमची सशाच्या रक्तातून काढलेली. पेशीतल्या हजारो प्रोटीनांच्या गर्दीतून ती नेमकं आपलं प्रोटीन धरते आणि कागदासारख्या पट्टीवर तेवढ्या जागी काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर प्रोटीन आहे, नाही दिसली तर नाही.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. अडकलेलं खोकं सोडवणं हा त्यांना आपलाच प्रांत वाटतो. "चल, मीपण येतो," ते म्हणाले. "तू नुसती उभी रहा, बोलायचं ते मी बोलतो." स्नेहलतागंजातल्या आमच्या घरून सियागंजचा बाजार म्हणजे स्कूटरवर पाच-सात मिनिटं. गोदाम मिरचीच्या एका ठोक दुकानाच्या मागे होतं. आत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघंही शिंकायला लागलो.

काउंटरवरचा माणूस मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "अंकलजी, आज नहीं मिल पाएगा. सोमवार को आ जाओ."

"भिया, पूरी नौकरी पार्सल में निकाली है मैंने," बाबा शांतपणे म्हणाले. "दवाई का डिब्बा है. रजिस्टर दो, मैं खुद ढूँढ लेता हूँ."

तो उठला. खोकं सगळ्यात वरच्या फळीवर, तापलेल्या पत्र्याच्या छताला टेकून सापडलं. मी तिथंच उघडलं. बर्फाच्या पिशव्यांमध्ये कोमट पाणी झालं होतं.

"वाया गेली?" बाबांनी विचारलं.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार, बाबा."

अँटिबॉडी बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, फेंक दो उसको. नया ऑर्डर लगा दो, डेढ़ महीने में आ जाएगा." पण आमच्या लॅबच्या मॅडमना तीन आठवड्यांनी एका परिषदेत आमचं काम मांडायचं होतं आणि फ्रिजमधली जुनी कुपी तळाला आली होती. मी नवी कुपी फेकली नाही. अँटिबॉडी वाटते तेवढी नाजूक नसते, हे मला अनुभवानं माहीत होतं. चाचणी मी नीट करणार होते आणि चाचणीवर माझा हात बसलेला होता.

सोमवारी मी दोन पट्ट्या लावल्या, एक जुन्या कुपीची, एक नव्या कुपीची. नव्या कुपीवर संशय होता म्हणून दोन्हींवर एक जास्तीचा नमुना घेतला: जीन न घातलेल्या, रिकाम्या पेशी. त्यांत आमचं प्रोटीन नसतंच, तेव्हा तिथं रेघ यायला नको. खरं म्हणजे हा नमुना दर वेळी घ्यायचा असतो. पहिल्या कुपीच्या वेळी मी घेत होते. दुसरी, म्हणजे आता तळाला आलेली ही जुनी कुपी आल्यावर, एकदा सिद्ध झालंय, आता कशाला, असं म्हणून मीच तो बंद केला आणि ती जागा दुसऱ्या नमुन्यांना दिली.

मंगळवारी दुपारी दोन्ही पट्ट्या स्क्रीनवर आल्या. उन्हात तापलेली कुपी अगदी स्वच्छ चालली होती: जीन घातलेल्या पेशींत रेघ, रिकाम्या पेशींत काही नाही. जुन्या, आमच्या विश्वासाच्या कुपीनं मात्र रिकाम्या पेशींतही रेघ दाखवली होती. फिकट होती, पण त्याच उंचीवर, आमच्या प्रोटीनची रेघ येते तिथंच. ही कुपी वेगळ्या सशाची, म्हणून तिच्यातली अँटिबॉडीही वेगळी. ती पेशीचंच कुठलं तरी प्रोटीन धरत होती.

 प्रोटीन सातव्या दिवशीही पेशीत टिकून राहतं, हा आमचा मोठा निष्कर्ष याच कुपीवर उभा होता. मी लॅपटॉप उचलून मॅडमच्या खोलीत गेले. आपण बघितलंय ते बरोबर बघितलंय, याबद्दल मला शंका नव्हती.

मॅडम मूळच्या जबलपूरच्या. मराठी समजते, बोलतात हिंदी. त्यांनी दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली.

"कब से?"

"दुसरी कुपी आली तेव्हापासून. रिकाम्या पेशी मीच बंद केल्या होत्या, मॅडम."

"तो सातवें दिन वाला रिज़ल्ट?"

"गेला."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मैंने भी तो नहीं पूछा तुमसे," त्या म्हणाल्या. "एक बार फिर करो. इस बार मैं साथ खड़ी रहूँगी."

आम्ही पुन्हा केलं. तसंच आलं. त्या संध्याकाळी मॅडमनी आयोजकांना फोन करून भाषणाचं शीर्षक बदललं. परिषदेपर्यंतच्या दिवसांत नव्या कुपीनं मी सगळे नमुने पहिल्यापासून केले. प्रोटीन चौथ्या दिवशीच नाहीसं होत होतं. निष्कर्ष छोटा झाला, पण आता त्यावर कुणी काहीही विचारलं असतं तरी मला उत्तर देता आलं असतं. परिषदेत मॅडमनी जुनं आणि नवं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली आणि चूक कुठं झाली तेही सांगितलं.

जुन्या कुपीची तक्रार केली तेव्हा कंपनीचा माणूस आधी म्हणाला, "किसी और लैब से तो कंप्लेंट नहीं आई." मी त्याला चित्रं पाठवली. आठवड्याभरात त्यांनी कुपी बदलून दिली.

परिषदेनंतर काही दिवसांनी दुसऱ्या शहरातल्या एका लॅबमधून एका मुलीचा फोन आला. मॅडमचं भाषण तिच्या सरांनी ऐकलं होतं. तिच्याकडेही आमच्या जुन्या कुपीसारखीच कुपी, तोच लॉट नंबर. महिनोन् महिने तिचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते आणि सगळे तिलाच, कामात तुझा हात साफ नाही, असं म्हणत होते.

"ताई, आता काय करू?" तिनं विचारलं.

"आज रिकाम्या पेशी लाव," मी म्हटलं. "उद्या मला चित्र पाठव, आपण दोघी बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र आलं: रिकाम्या पेशींत तीच फिकट रेघ. तिचा हात साफ होता.