काट्यावरचं मशीन हलवलं तेव्हा

कूरिना गावच्या धान्यकोठारात डेन्झिल नॅनकिव्हेल लागला तो वायरमन म्हणून. धान्य वाहून नेणारे पट्टे, मोटारी, दिवे एवढंच त्याचं काम. मग कधीतरी वजनकाट्याला काँप्युटर जोडला गेला, आणि त्यालाही वीज लागते या एका कारणावरून तो डेन्झिलच्या गळ्यात पडला. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. डेन्झिलने कुठला कोर्स केला नाही. कशालाही हात लावण्याआधी ते आत्ता कसं आहे हे वहीत लिहून ठेवायचं, ही मोटारींची सवय त्याने इथेही चालू ठेवली, आणि तेवढ्यावर त्याचं निभावलं.

काट्याचा प्रोग्रॅम जुना. तो करणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. तो ज्या जुन्या विंडोजवर चाले, ती नव्या काँप्युटरवर बसत नसे. म्हणून डेन्झिलने तो सगळा काँप्युटरच दुसऱ्या काँप्युटरच्या पोटात ठेवला होता. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरा डबा नाही, नुसत्या फायली. पण आतल्या विंडोजला वाटतं, आपण स्वतःच्या घरात आहोत.

या वर्षी मुख्य कचेरीने ठरवलं, ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात हे मशीन राहतं ते सोडायचं आणि दुसरं घ्यायचं. जुना सर्व्हर भाड्याचा, तो परत जाणार. आणि सोमवारी सुगी सुरू. सोमवारी सकाळी काटा चालला नाही, तर शेतकऱ्यांना जवाच्या गाड्या नव्वद किलोमीटरवर बंदराला न्याव्या लागल्या असत्या. डेन्झिलची झोप उडाली होती ती त्यापायी.

शुक्रवारी त्याने मशीन बंद करून, त्याची सगळी डिस्क जिच्यात असते ती मोठी फाईल नव्या सर्व्हरवर उतरवली. नव्या घरात डिस्क वेगळ्या तऱ्हेने जोडतात, ते जुन्या विंडोजला ठाऊक नसतं. म्हणून आधी एक चिमुकली रिकामी डिस्क जोडून तिची ओळख करून दिली, मग मोठी जोडली. शनिवारी सकाळी मशीन उठलं. डेन्झिलने जुन्या सर्व्हरच्या बटणावर लाल पाटी अडकवली: ‘चालू करू नये. डेन्झिल.’ कोठारात पट्टा दुरुस्त करायला कोणी आत उतरला, की बटणावर स्वतःच्या नावाची पाटी लावतो. ती ज्याची त्यानेच काढायची. साहेब आला तरी तिला हात लावत नाही.

अकराला ॲडलेडहून कॅमरनचा फोन आला. मुख्य कचेरीतला हा पोरगेला साहेब.

“चालू झालं ना मशीन? मग जुनं इथूनच पुसून टाकतो मी. चारला गाडी येतेय ते न्यायला.”

“नको. पाटी लावलीय.”

“डेन्झिल, ती पाटी पट्ट्यांसाठी असते रे. सर्व्हरमध्ये कोणाचा हात अडकणारेय?”

“माझाच. ग्वेंडा एक गाडी काट्यावर घेऊन पावती काढेपर्यंत पाटी निघायची नाही.”

“म्हाताऱ्या, तुझ्यापुढे हात टेकले. बरं, गाडी मंगळवारवर टाकतो.”

ग्वेंडा गेली एकोणीस वर्षं काट्यावर बसते. ती जेवणानंतर आली, हातात पॅस्टीची, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंज्यांची, पिशवी. आपलीच गाडी काट्यावर उभी करून ती खिडकीत बसली.

“पहिली खेप टेगन क्लायनिगचीच येणार. तिच्याच नावाने काढू,” असं म्हणून तिने नाव टाइप केलं. पुन्हा केलं. “डेन्झिल, टेगन कुठाय?”

“घरी असेल.”

“इथे नाहीये. अर्विन आहे, तिचा बाप. त्याने जूनमध्ये सगळी शेतं पोरीच्या नावावर केली, मी स्वतः भरलंय. शपथेवर सांगते.”

डेन्झिलने वाकून पाहिलं. यादीतली शेवटची नोंद मे महिन्याची होती. सहा महिन्यांत भरलेली नावं, शेतं, बियाण्याच्या जाती, काहीच नव्हतं.

“आता तोंड पांढरं करून उभा राहू नकोस,” ग्वेंडा म्हणाली. “वही बघ. उगीच लिहीत बसतोस का सगळं?”

वहीत मेच्या पानावर त्याच्याच अक्षरात होतं: ‘दुरुस्तीआधी स्नॅपशॉट घेतला.’ म्हणजे काही बिघडलं तर परत यायला खूण. ती खूण काढायची राहून गेली. अशी खूण केली, की मोठी फाईल तिथेच गोठते आणि पुढचं सगळं शेजारच्या दुसऱ्या फाईलमध्ये साठत जातं. डेन्झिलने मोठी तेवढी उचलून आणली होती. जास्तीची काळजी घ्यायला गेला आणि तिथेच फसला.

जुन्या सर्व्हरवर सगळं जागच्या जागी होतं. पाटी काढून त्याने तो उघडला. दोन्ही फायली जोडायच्या तर खूण काढावी लागते, आणि स्क्रीनवरच्या त्या बटणावर लिहिलेलं असतं ‘काढून टाका’. जोडलं जातं हे त्याला माहीत होतं, तरी बोट उचलेना. आधी त्याने सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, मग दाबलं.

“किती वेळ?” ग्वेंडाने विचारलं.

“तीन-चार तास. तू जा घरी.”

“जाते कुठली? अर्धी पॅस्टी घे. रिकाम्या पोटी तू चुका करतोस.”

ऊन कलताना, जोडलेली फाईल घेऊन मशीन नव्या सर्व्हरवर पुन्हा उठलं. ग्वेंडाने नाव टाइप केलं. टेगन आली, तिची चारही शेतं आली, आणि पावती निघाली. डेन्झिलने ती दोनदा वाचली.

“तुझ्या गाडीचं वजन दोन टन?”

“मागे खत आहे. गप बस.”

सोमवारी आठाला दहा-बारा गाड्या रांगेत होत्या. डेन्झिलला कोणी हाक मारली नाही, म्हणून तो शिडी घेऊन धान्याचे नमुने काढायच्या जागेवरचा दिवा बदलत बसला. खाली टेगनची गाडी काट्यावर होती. तिने काच खाली करून वर पाहिलं.

“डेन्झिलकाका, सगळं नवीन बसवलंत म्हणे. पावतीला तर गेल्या वर्षीइतकाच वेळ लागतोय.”

“तितकाच?”

“अगदी तितकाच.”

डेन्झिल हसला आणि दिवा घट्ट करू लागला.