दुधात की दुधाचा

ओझरच्या सिंधुबाई हसल्या की पदर तोंडाशी जायचा. लहानपणी हापशाचा दांडा लागून पुढचा दात गेला, घरच्यांनी हळद दाबली आणि विषय मिटवला. तो राग त्यांनी आयुष्यभर सांभाळला. म्हणून नातीच्या शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई माहिती द्यायला आल्या, तेव्हा सिंधुबाई सगळ्यांच्या पुढे बसल्या आणि घरी आल्या आल्या त्यांनी एक डबा भरला. कापूस, स्वच्छ फडकं, लवंगेचं तेल, झाकणाची बाटली, वर दवाखान्याचा नंबर चिकटवलेला. "पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात लावायचा नाय. दुधात टाकायचा आन् तासाभरात दवाखाना गाठायचा. दात परत बसतो," असं त्या दिसेल त्याला सांगत. घरचे हसत.

सगळ्यात जास्त हसायचे त्यांचे मालक, खंडेराव. विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. विमानं जोडली म्हणजे जगातलं सगळं कळतं, असा यांचा ठाम समज. समोरच्याचं बोलणं अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या मनानं पुरं करायचं, ही जन्माची खोड.

त्या दिवशी सिंधुबाई विंचूरला भाचीकडे गेल्या होत्या. नातीचे आईबाप कामावर. इकडे अकरा वर्षांची सायली सायकलवरून ओट्यावर आपटली आणि समोरचा दात मुळासकट बाहेर आला. खंडेरावांनी बायकोला फोन लावला, तेवढं बरं केलं. भाचीच्या दारावरून बाजाराला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या गोंगाटात सिंधुबाई जीव तोडून म्हणाल्या, "अहो, दुधात टाका. दुधात."

"दुधाचा ना? मंग कशाला घाबरायचं? टाकतो," असं म्हणून खंडेरावांनी फोन ठेवला. सिंधुबाईंनी पुन्हा पुन्हा लावला, पण यांनी तो उचलला तर शपथ.

अकराव्या वर्षी समोरचा दात दुधाचा कसा असेल? पण डोकं चालवायचं कुणी? दुधाचा दात छपरावर टाकला की नवा येतो, असं सायलीला सांगत खंडेरावांनी रीतीप्रमाणे शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, दात त्या गोळ्यात घातला आणि छपरावर भिरकावला. गोठ्यापर्यंत जायला या माणसाला वेळ होता, दोन पावलांवरचा फ्रीज उघडायला नव्हता. फ्रीजमध्ये दूध होतं. डबाही फळीवर होता.

सिंधुबाई मिळेल त्या गाडीनं घरी आल्या, त्यांनी शेजाऱ्याला शिडीवर चढवलं, वाळलेला गोळा फोडून दात काढला आणि सायलीला घेऊन दवाखाना गाठला. मागून खंडेराव आले. डॉक्टरीणबाईंनी दात उलटसुलट पाहिला आणि मान हलवली. मूळ सुकलं होतं, वर शेण. लगेच दुधातून आणला असता तर बसवून बघितला असता, म्हणाल्या.

बाकावर बसल्या बसल्या सिंधुबाईंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. "जन्मभर माझं अर्धं ऐकलंत. मी चालवून घेतलं. आज पोरीच्या तोंडावर आलं," त्या म्हणाल्या. खंडेराव पुटपुटले, "गोंगाट लय होता."

तेवढ्यात सायलीनं तोंडातला कापूस बाजूला केला. "आजोबा, तुम्ही म्हणले ना, छपरावर टाकला की नवा येतो? मग माझा कधी येईल?"

खंडेराव दाराकडे निघाले.

"सांगा ना," सिंधुबाई म्हणाल्या. "या बारीला तर पुरं ऐकलंय तुमी."