वार लागू देणारे गृहस्थ

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत आवक-जावक सांभाळणारे ते गृहस्थ डबा एकटेच खातात, डोळे मोबाईलवर. तिथं एका ग्रुपवर अनोळखी माणसं मिळून गोष्ट लिहितात. प्रत्येकाचं एक पात्र, आणि पात्रांच्या लढाया. समोरच्यानं वार लिहायचा; तो लागला की चुकवला, हे आपण लिहायचं. जिंकायचं असतं म्हणून सगळे चुकवतात. हे मात्र दर वेळी लागू देतात.

"हरायची हौस आहे का तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"न्हाई हो. चुकवला की समोरचा दुसऱ्याकडं वळतो. लागला, मंग थांबून इचारतो, लई लागलं का म्हणून."

परवा ते ऑफिसच्या जिन्यावरून घसरले. मी धावत जाऊन विचारलं, "लई लागलं का?"

"बिलकुल न्हाई," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता लंगडत जागेवर गेले.