लाल गोळ्यांवरचा माझा संशय

"आपका हिमोग्लोबिन छह पॉइंट आठ है," आमच्या हिंदी मुलखातल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ. ते अकरा तरी हवं. मला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण. "डिलीवरी में थोड़ा भी खून ज़्यादा गया, तो आपको बचाना मुश्किल हो जाएगा."

मला लॅबचाच संशय आला. नमुना बदलला असणार! मी खंडेराव गेटजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये गुपचूप तपासून आले. सहा पॉइंट सहा. मग वाटलं, दोन्ही लॅबवाले एकमेकांना मिळालेले आहेत.

मॅडमनी विचारलं, "आयरन की गोली रोज़ ले रही हैं न?"

"जी, रोज़."

साफ खोटं. चौथ्या महिन्यात आशा दीदींनी, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी आरोग्यसेविकेनं, लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी शौचाला काळी झाली आणि माझं धाबं दणाणलं. सासूबाई म्हणाल्या, "फुकटच्या गोळ्या गं या! पोटात हे करतात, तर बाळाचं काय करतील? बंद कर, चुपचाप." दीदी दर महिन्याला रिकाम्या पट्ट्या बघायच्या. म्हणून आम्ही रोज एक गोळी काढून मोगऱ्याच्या कुंडीत पुरायचो. दीदी मला शाबासकी देऊन जायच्या.

मॅडमना वाटलं, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही म्हणजे मोठा आजार असणार. थॅलेसेमियाची तपासणी लिहिली. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. "ज़रूरत पड़ी तो ग्वालियर भेजेंगे."

बाहेर बाकावर मी फाइल धरून बसले. चोराच्या मनात चांदणं! मी सगळ्यांवर संशय घेत होते, आणि या बाईंनी माझ्यावर एकदाही घेतला नव्हता. माझ्या खोट्यामागे त्या भलत्याच वाटेनं निघाल्या होत्या आणि बाळंतपण जवळ येत चाललं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी परत आत गेले.

"मैडम, तीन ही गोली खाई थीं. शौच काला हुआ, तो डरकर बाकी फेंक दीं."

त्यांनी थॅलेसेमियाच्या तपासणीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "काला तो आयरन से होता ही है. बच्चे को कुछ नहीं होता. पूछ लेतीं, बेटा."

आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं लोह, त्याच्या पाच बाटल्या लागल्या. पहिल्या बाटलीवरची मुदत संपायची तारीखसुद्धा सासूबाईंनी दोनदा वाचली. चहानं लोह अंगी लागत नाही, म्हणून पुढे गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन दहा झालं.

बाळंतपणात रक्त खरंच जास्त गेलं. मॅडमनी ते थांबवलं आणि हात पुसत म्हणाल्या, "छह पर होतीं, तो आज हम ये बात नहीं कर रहे होते." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पहिलटकरणींनो, संशय जरूर घ्या. पण तो डॉक्टरांच्या तोंडावर बोला, घरात पुरू नका. माझा स्वभाव काही बदललेला नाही. परवा मुलीला लस द्यायला नेलं, तर इतके प्रश्न विचारले की नर्स वैतागली.

वैतागू दे. माझ्या मुलीला आई आहे.